पंचवीस घोड्यांचं एरंडेल

आमच्या सुशीचं लग्न एरंडेलामुळं मोडता मोडता राहिलं, आणि त्या दिवशी घरातल्या एकाही माणसानं एरंडेल घेतलेलं नव्हतं.

दोष माझाच. तो आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं सांगायला मोकळा. (सुशीला हे वाचून दाखवलं तर म्हणते कशी, "मंग थे पह्यल्याच ओळीत कावून नाई लिवलं?")

मी तेव्हा अमरावतीला एका सरकारी कचेरीत जावक कारकून होतो. दिवसभर लिफाफ्यांवर पत्ते लिहायचे आणि संध्याकाळी मोटारतज्ज्ञ व्हायचं, असा माझा दिनक्रम होता. बडनेरा रोडवर गफूर मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यासमोर एका मेलेल्या लॉरीची सीट काढून ठेवलेली असायची. त्या सीटवर आम्ही चार-पाच जण रोज बसून जगातल्या मोटारींचा निकाल लावत असू. अमेरिकन गाडी म्हणजे ताकदीची, पण खादाड. विलायती गाडी म्हणजे खानदानी, पण नाकावर माशी बसू न देणारी. इटलीची गाडी पळायला वारा, पण घरी परत येईलच याची खात्री नाही. आमच्या निकालावर अपील नव्हतं. आमच्यापैकी मोटार मात्र एकाकडंही नव्हती. माझ्याकडं सायकल होती आणि तिची चेन दिवसातून दोनदा उतरायची.

जपानी मोटार तर कोणी डोळ्यानंही पाहिली नव्हती, म्हणून तिच्याबद्दलची मतं सगळ्यात पक्की! माझं मत मी सहा वर्षांचा असतानाच तयार झालं होतं. बहिरमच्या जत्रेत बाबांनी मला किल्लीची पत्र्याची मोटार घेऊन दिली होती. लाल रंगाची, जपानी. बैलगाडी घरी पोचेपर्यंत तिचं एक चाक निखळलं, किल्ली फिरेनाशी झाली, आणि संध्याकाळी तिचं छप्परच माझ्या हातात आलं. मी दोन दिवस जेवलो नाही. तेव्हापासून जपानी म्हणजे निव्वळ पत्रा, हे डोक्यात बसलं ते बसलं. पुढं सीटवर कोणी सांगितलं, की जपानी लोक आता रेसच्या गाड्या बनवून राहिले, भल्याभल्यांना मागं टाकतात म्हणे, की मी माझ्या लाल मोटारीची गोष्ट काढायचो आणि सगळे गप्प व्हायचे. एकटा गफूर मिस्त्री गाडीखालून डोकं न काढता म्हणायचा, "बाबू, गाडी के बारे में देखके बोलना, सुनके नहीं."

याच मिस्त्रीनं एका संध्याकाळी सांगितलं, की मुंबईला त्याचे उस्ताद रेसच्या गाड्यांना एरंडीचं तेल द्यायचे. मी थक्क झालो. "लेकिन बाबू," असं म्हणून तो पुढं काही सांगत होता, पण ही बातमी उद्या कचेरीत आधी मीच सांगायची याची मला इतकी घाई, की मी सायकल काढून निघालोसुद्धा. हे 'लेकिन' वाचकांनी जपून ठेवावं. मला ते फार उशिरा मिळालं.

आता सुशीकडं वळतो. आमचं घर नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात. काळ्या मातीची शेती, दोन बैलजोड्या, आणि माझी बहीण सुशी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मॅट्रिक झालेली, कामाला चटपटीत, बोलायला त्याहून चटपटीत. तिची दोन स्थळं माझ्या तोंडानं घालवली होती. पहिला मुलगा मोटारसायकलवर आला. मी त्याला बैठकीत बसवून तासभर समजावलं, की या जातीच्या गाडीचा पुढचा दांडा हमखास तुटतो आणि बसणाऱ्याचे दात जातात. बिचारा परत जाताना ती गाडी हातानं ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि पुन्हा काही फिरकला नाही. दुसरं स्थळ पातूरचं. ती मंडळी भाड्याची टॅक्सी करून आली. मी टॅक्सीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणालो, ही काही नाल्यापल्याड जात नाही. नाही गेली! आठ दिवसांनी निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण मुलीचा भाऊ काळ्या जिभेचा आहे.

तिसरं स्थळ अकोल्याचं. मुलगा वसंतराव, शाळेत विज्ञानाचा मास्तर. सुशीनं त्याला मूर्तिजापूरला मावशीकडच्या लग्नात पाहिलेलं होतं. तिथं ऐन मंगलाष्टकांत लाउडस्पीकर बंद पडला आणि यानं तो दुरुस्त केला. लोक वाहवा करू लागले, तर हा म्हणाला, वाहवा कायची, माझाच पाय अडकून वायर निघाली होती. आमच्या सुशीला हा मुलगा तिथंच पसंत पडला. घरी येऊन तिनं कोणाला काही सांगितलं नाही. स्थळ आपल्या पायानं चालून आलं तेव्हा मात्र ती महिनाभर स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तिनं मला न्हाणीजवळ गाठलं. माझ्या हातावर सुपारीचं एक खांड ठेवलं आणि म्हणाली, "दादा, मले हा मुलगा पसंत हाये. आजलोग कोनाबद्दल असं नाई म्हनलं. हे सुपारी गालात ठेव. बोलावं वाटलं तं चाव."

"अन् कोणी काई इचारलं तं?"

"तं मान हलव."

तिचे डोळे भरून आले होते. मी सुपारी गालात ठेवली आणि मनाशी शपथ घेतली, की आज विमान उतरलं तरी मी ब्र काढणार नाही.

अकराच्या सुमाराला वेशीकडून एक आवाज आला. धड फटफटीचा नाही, धड मोटारीचा नाही, टिणटिण-फटफट असा काहीतरी. पाठोपाठ धूळ. आणि धुळीतून आमच्या अंगणात आली एक मोटार. लाल. चिमुकली. चकचकीत. बहिरमच्या जत्रेतली माझी मोटारच जणू अंगानं भरून परत आली होती! मी चाकं मोजली. चारही होती. सुपारीवर माझे दात आपोआप आवळले गेले.

गाडी जपानीच होती. (कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी अजून आहे आणि आमच्या जवाईबुवांचे कानही अजून तिखट आहेत.) मुलाचे वडील कापसाचे दलाल. कापूस घ्यायला येणारा एक जपानी साहेब मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला होता. गाडीतून आधी वसंतराव उतरले. मग वडील उतरले, ते शांत गृहस्थ. ते दिवसभरात जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. शेवटी मागच्या सीटवरून उतरल्या आत्याबाई. त्या एवढ्याशा गाडीत त्या बसल्या कशा, हे मला आजवर उमगलेलं नाही. वसंतरावांची आई लहानपणीच गेलेली. आत्याबाईंनीच त्यांना वाढवलं. त्यामुळं त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही त्यांचाच.

बैठक सुरू झाली आणि माझ्या हालांनाही सुरुवात झाली. बाबांनी सहज म्हणून गाडीची चौकशी केली. झालं! वसंतरावांना तेवढंच पाहिजे होतं. मुलगी पाहायला आलेला मुलगा तासभर मोटारीवर बोलत होता. म्हणे ही साधी गाडी नाही, रेसच्या वंशाची आहे. म्हणे मूर्तिजापूरच्या सरळ रस्त्यावर काटा साठ मैलांवर गेला. म्हणे हिच्या एवढ्याशा इंजिनात पंचवीस घोड्यांची ताकद आहे. म्हणे लोक जपानी मालाला नावं ठेवतात, पण वीस वर्षांनी विलायती गाड्या जपान्यांचं पाणी भरतील. आणि शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले, "दादा, तुमाले काय वाटते? ऐकलं, तुमी मोटारीतले जाणकार आहा."

दाराच्या फटीतून सुशीचा एक डोळा माझ्यावर रोखलेला होता. मी मान हलवली. कडाड् असा आवाज झाला. सुपारी फुटली असं सगळ्यांना वाटलं. माझी दाढ होती.

पुरणाची पंगत बसली. मायनं पोळीवर तूप वाढायला तोटीचा गडवा वाकडा केला. तुपाची धार लागली आणि वसंतराव एकाएकी बोलता बोलता थांबले. नुसते थांबले नाहीत, तर त्या धारेकडं भूत पाहिल्यासारखे पाहत राहिले. चेहरा पांढराफटक. तिथून पुढं हा माणूस एक अक्षर बोलला नाही. मायनं तीनदा विचारलं, पुरण बरं नाही झालं का. बाबांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी गाल पुढं करून सुपारी दाखवली. सुशी आतून चहाचे कप घेऊन आली तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. ती परत आत गेली आणि चुलीपुढं जाऊन बसली. धूर झाला होता म्हणाली, पण चूल तर केव्हाची विझली होती.

या खेपेला मी काही बोललेलो नव्हतो, तरी स्थळ हातचं निसटून राहिलं होतं. आणि याच वेळी बाबांनी मला मागच्या अंगणात बोलावलं.

आमच्या घरची एक रीत होती. पाहुण्याच्या आधी पाहुण्याचे बैल जेवायचे. पाहुणा दारात आला, की बाबा स्वतः त्याचे बैल सोडणार, पाणी पाजणार, पुढ्यात ढेप-सरकी टाकणार, आणि परतायच्या आधी त्याच्या बैलगाडीच्या आसाला वंगण देणार. पाहुणा पुरणपोळी जेवून जातो आणि त्याची गाडी कुरकुरत जाते, ही बाबांच्या दृष्टीनं घराण्याला काळिमा होती. पंचक्रोशीत त्यांचं नाव त्याच गोष्टीसाठी होतं. आणि आज ती लाल गाडी सकाळपासून उन्हात तशीच उभी होती.

"दिगू, पाहुने जेवले, थे बाहेर उपाशी हाये," बाबा म्हणाले. "पोरगा जेवताना नाराज दिसला. गाडीचं कोनी पाह्यलं नाई म्हनूनच असन. हिले काय देतेत रे?"

आता मला सांगा, तीन तास गप्प बसलेल्या मोटारतज्ज्ञाला असं कोणी विचारलं तर तो काय करील? मला ठाऊक नाही, हे तीन शब्द मला म्हणता आले असते. पण ते तीन शब्द मी तोवर आयुष्यात कधी म्हटलेच नव्हते, त्यामुळं सवय नव्हती. मी सुपारी गालातून काढून खिशात ठेवली आणि म्हणालो, "रेसची गाडी हाये बाबा. रेसच्या गाडीले एरंडेल लागते."

बाबांचा चेहरा उजळला. एरंडेल घरातच होतं! बैलगाडीच्या आसासाठी बुधलाभर काढून ठेवलेलंच असायचं. एवढ्या मोठ्या मशिनीला लागणारी वस्तू आपल्या घरची निघावी, याचा त्यांना कोण अभिमान वाटला. ते बुधला आणि फोडणीची पळी घेऊन आले.

पुढची मंडळी विडा चघळत बसली होती. आम्ही बापलेक गाडीपाशी गेलो. मी ऐटीत पुढचं झाकण उघडलं आणि उडालोच. आत इंजिन नव्हतं! "पाहा बाबा," मी म्हणालो, "जपानी माल. इंजिनच बसवलं नाई."

"मंग आली कशी?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न मी ऐकलाच नाही. (इंजिन मागं होतं. तसं असू शकतं, हे आमच्या सीटवर कोणाला सुचलेलं नव्हतं.) आत एक गोल टोपण होतं. ते मी फिरवलं, ते निघालं. निघालं म्हणजे तेच असणार, असा माझा तर्क. पेट्रोलचा वास आला, तोही मी न ऐकलेल्या प्रश्नांत जमा केला.

"किती द्याचं?" बाबांनी विचारलं.

मी विचारात पडल्यासारखं केलं. पण बाबांनी स्वतःच हिशेब सोडवला. जवाईबुवांनी पंचवीस घोडे सांगितले होते. घोड्यामागं एक पळी तरी पडायलाच पाहिजे, नाही तर एखादं जनावर उपाशी राहायचं. त्यांनी एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजत बरोबर पंचवीस पळ्या सोडल्या. घोडे बसले कुठं असतील, असंही एकदा वाकून पाहिलं. मग टोपण लावून गाडीच्या पाठीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

पाहुणे निघाले. आत्याबाई जाताना मायला म्हणाल्या, की कळवतो. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ आम्हाला दोन स्थळांपासून पाठ होता. गावच्या रिवाजानं आम्ही सगळे पोचवायला वेशीपर्यंत चालत निघालो. बायका मागं, त्यांत सुशीही.

गाडी सुरू झाली ती नेहमीसारखीच. पण दोन-तीनशे पावलं गेली न गेली, तोच मागून धूर सुटला. पांढरा, दाट, आणि त्याला असा वास, की गावातलं लहानथोर एका क्षणात ओळखावं. पारावरची म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहू लागली. लहानपणी दर रविवारी नाक दाबून ज्यांना वाटीभर पाजलेलं होतं, ते सगळे आपसूक दोन पावलं मागं सरले. गाडीनं चार उचक्या दिल्या आणि बरोबर वेशीत, मारुतीसमोर, गपकन थांबली.

आत्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी मारुतीकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"वेशीवर गाडी अडली," त्या म्हणाल्या. "वसंता, हा अपशकुन हाये. हे सोयरीक देवाच्या मनात नाई."

मागं कोणीतरी दबक्या आवाजात माझ्या काळ्या जिभेची आठवण काढली. बाबा तर बैलजोडी आणून गाडी ओढून द्यायला निघाले होते, ते तिथंच खांबासारखे उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं. सुशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. तिला वाटलं होतं, निदान या वेळी दादाचा काही हात नाही. तेवढा विश्वास तिनं माझ्यावर टाकला होता.

आता गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू वाचली असती. अपशकुनाला नाव कोणाचं देणार? पण स्थळ गेलं असतं. मी पुढं झालो.

"आत्याबाई, अपशकुन नाई हा," मी म्हणालो. "एरंडेल हाये."

सगळं सांगितलं. लाल पत्र्याची मोटार, रेसच्या गाड्या, झाकण, टोपण, सगळं. आणि शेवटी मला मोटारीतलं काही म्हणजे काही कळत नाही, हेसुद्धा भर वेशीत, मारुतीच्या साक्षीनं सांगितलं. बाबांना यात लाजण्यासारखं काय आहे हेच समजेना. पाहुण्याचं जनावर उपाशी धाडायची आमच्यात रीत नाही, पंचवीस पळ्या मीच मोजून टाकल्या, असं ते वर ठणकावून बोलले.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला आणि जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. घर आहे का दवाखाना इथपासून सुरुवात होती. वसंतराव मात्र गाडीतून उतरून सरळ माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बसली कानाखाली. त्यांनी हळूच विचारलं, "पळी केवढी?"

बाबांच्या हातात ती पळी अजून होती. त्यांनी ती पाहिली, अंगठ्यानं तिची खोली मापली, बोटांवर काहीतरी हिशेब केला, टोपण काढून वास घेतला. आणि एकदम मटकन गाडीच्या टपाला टेकले. डोळ्यांत पाणी. मी घाबरलो, म्हटलं गेली गाडी, गेली बहीण.

"आत्या, थांब जराशी," ते मोठ्यानं म्हणाले. "चूक माझी हाये."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. या गाडीच्या इंजिनाला वेगळं तेल नसतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकावं लागतं. त्यांनी येताना बडनेऱ्याला पेट्रोल भरलं, पण पंपावरच्या माणसाला जपानी गाडीचे गुण सांगण्याच्या नादात तेल घालायचं साफ विसरले. टाकीत आधीचं उरलं होतं म्हणून गाडी इथवर आली. जेवताना मायनं पोळीवर तूप सोडलं आणि त्यांना आठवलं. तासभर फुशारक्या मारल्यावर त्याच घरात तेल मागायची लाज वाटली. मनाशी म्हणाले, हळूहळू नेऊ, देव तारील. तसेच निघाले असते तर मूर्तिजापूरच्या अलीकडंच इंजिन आवळलं असतं आणि ती गाडी पुन्हा उठली नसती. "बाबांनी टाकलं नसतं तं गाडी मेली होती," ते म्हणाले. "अन् अंदाज पाहा बाबांचा. मी मोजून टाकलं असतं तं एवढंच टाकलं असतं. फक्त थे खाली बसलं, मिसळलं नाई."

मग बाबांनी घसा खाकरला. त्यांना पेट्रोलचं काही कळलं नव्हतं, पण एक गोष्ट पक्की कळली होती.

"जो मानूस आपली चूक चारचौघांत सांगते," ते म्हणाले, "त्याले मी पोरगी देतो. मंग गाडी चालो का न चालो."

पण गाडी चालवायची तर होतीच. वसंतरावांनी मागचं झाकण उघडलं (हे पाहा इंजिन, असं मला त्यांनी मुद्दाम दाखवलं) आणि तेलानं माखलेला प्लग काढला. तो खरवडायला काहीतरी बारीक पाहिजे होतं. ते इकडंतिकडं पाहू लागले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून सुशी पुढं आली, केसातला आकडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. ते तो घेऊन कितीतरी वेळ प्लग खरवडत राहिले. पण प्लग साफ करायला एवढा वेळ लागत नाही, एवढं मलासुद्धा कळतं.

उरला प्रश्न तेल मिसळायचा. वसंतराव म्हणाले, गाडी चांगली घुसळली पाहिजे. एवढं म्हणायचा अवकाश, पारावरची म्हातारी माणसं, मी, बाबा, शेजारचे चौघे असे आम्ही दोन्ही बाजूंनी लागलो आणि गाडी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हलवायला सुरुवात केली. आत्याबाईंना उतरा म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, या गावात आता पाय ठेवणार नाही. मग त्यांच्यासकट हलवली! खिडकीतून त्यांचं तोंड एकदा दिसे, एकदा जाई. मुलाचे वडील पलीकडं मारुतीच्या ओट्यावर बसले होते. ते दिवसभरात पहिल्यांदाच खळखळून हसले.

"हो म्हना रे," शेवटी आतून आत्याबाईंचा आवाज आला. "साक्षगंधाची तारीख काढा लवकर, नाई तं हे लोक मले अजून हलवतीन."

गाडी सुरू झाली. पांढरा धूर सोडत, अख्ख्या शिवाराला एरंडेलाचा वास देत ती टिणटिण-फटफट करत निघाली आणि वळणाआड गेली. आम्ही कान देऊन उभे होतो. आवाज थांबला नाही. लांब लांब जात राहिला. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच मारुतीच्या ओट्यावर बसलो आणि अर्धा तास उठलोच नाही. सुशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, सुपारी कुठी हाये?" मी खिशातून काढून दिली. तिनं ती पुसली आणि पुन्हा माझ्या हातावर ठेवली. लग्न होईलोग लागन, म्हणाली.

चार दिवसांनी अमरावतीला गेलो आणि गफूर मिस्त्रीला सगळं सांगितलं. सीटवरची मंडळी पोट धरून हसली. मिस्त्री हसला नाही. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि महिन्यापूर्वी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं, "लेकिन बाबू, टंकी में डालने से पहले पेट्रोल में हिलाना पडता है."

वैशाखात लग्न झालं. वरात त्याच लाल गाडीतून निघाली. त्या जपानी पत्र्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की तिनं पुढं बारा वर्षं कुरकुर केली नाही. डॅशबोर्डच्या खणात केसांचा एक आकडा अखेरपर्यंत होता. बाबांचं म्हणाल, तर ते जिवंत होते तोवर जवाईबुवांची गाडी अंगणात आली, की आधी मायला चहाचं सांगायचे आणि मग बुधला शोधायला निघायचे. जवाईबुवांना तीन-तीनदा पाया पडून त्यांना थांबवावं लागायचं.

माझ्या तोंडात आज वरचे तीन आणि खालचे चार एवढेच दात उरले आहेत. दातांचे डॉक्टर म्हणतात, वय झालं. त्यांना काय ठाऊक! जवाईबुवांनी त्या गाडीनंतर आणखी चार मोटारी घेतल्या, चारही जपानी जातीच्या, आणि दरवेळी नवी गाडी दाखवायला आणायच्या आदल्या दिवशी सुशी मला न चुकता सुपारीचं एक खांड पाठवत आली आहे.